सरकारी संगणकखरेदी : प्रवेश स्वस्त, निर्गमन महाग

सरकारी कचेरीत कपाट विकत घ्यावयाचे झाले, तर त्याची एक ठरलेली रीत आहे. मागणीपत्र निघते, दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो, ज्याचा दर सर्वांत कमी त्याला पुरवठ्याचा आदेश मिळतो, आणि कपाट आले की जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद होऊन त्याच्या अंगावर क्रमांक रंगविला जातो. या रीतीची थट्टा पुष्कळ झाली आहे. परंतु ती निर्बुद्ध खचित नव्हे. पैसा जनतेचा आहे आणि तो खर्च करणाऱ्याची मर्जी हा खरेदीचा निकष होता कामा नये, या शहाणपणातून ती निर्माण झाली. कपाट हे कपाटच असते. ते या दुकानातून घेतले काय नि त्या दुकानातून घेतले काय, त्याच्या उपयोगात फारसा फरक पडत नाही. आणि पुढील वर्षी दुसरा दुकानदार निवडावयाचे ठरले, तर पहिला आपल्याला अडवू शकत नाही. अशा वस्तूंच्या बाबतीत न्यूनतम दराचे तत्त्व बव्हंशी योग्यच ठरते.

अडचण अशी की, सरकारची आजची सर्वांत महत्त्वाची खरेदी कपाटांची राहिलेली नाही. नागरिकाने प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावयाचे, पारपत्रासाठी अर्ज करावयाचा, शिक्षकाचे वेतनदेयक तयार करावयाचे, विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासावयाची, ही सारी कामे आता संगणक प्रणालींतून होतात. त्या प्रणाली बहुधा बाहेरच्या कंपन्या तयार करतात, आणि ज्या यंत्रांवर त्या चालतात ती यंत्रेही पुष्कळदा सरकारची नसतात. 'क्लाउड' या शब्दाभोवती विनाकारण गूढतेचे वलय निर्माण झाले आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या, दूर कोठे तरी असलेल्या संगणकांचा वापर भाड्याने घेणे आणि जेवढा वापर तेवढे भाडे देणे, एवढाच त्याचा अर्थ. केंद्र सरकारने 'मेघराज' या नावाने या सेवेचे धोरण सुमारे बारा वर्षांपूर्वी आखले. ज्या कंपन्यांकडून सरकारी खात्यांनी ही सेवा घ्यावी त्यांची यादी दिल्लीचे माहिती तंत्रज्ञान मंत्रालय तपासणी करून ठरविते. तीत बलाढ्य अमेरिकन कंपन्या आहेत, तशा भारतीयही आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर कपाटे, पंखे आणि क्लाउड सेवा ही सारी एकाच छताखाली मिळतात. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये आपले स्वतंत्र क्लाउड धोरण जाहीर केले आणि असे करणारे हे देशातील पहिले राज्य, असे तेव्हा अभिमानाने सांगण्यात आले.

या सेवेचा लाभ खोटा आहे असे मुळीच नाही. दहावीच्या निकालाचे उदाहरण घ्या. पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी, त्यांचे पालक, नातेवाईक आणि शिक्षक एका दुपारी एकाच संकेतस्थळावर तुटून पडतात. उरलेले ३६४ दिवस तेथे कोणी फिरकतही नाही. त्या एका दुपारसाठी मंडळाने स्वतःची यंत्रे विकत घेऊन वर्षभर धूळ खात ठेवणे हा शुद्ध अपव्यय होय. लग्नाचा मांडव कोणी विकत घेत नाही. भाड्याची कल्पना म्हणूनच आर्थिकदृष्ट्या निर्दोष आहे. दोष आहे तो भाड्याचा करार करताना आपण कपाट विकत घेत आहोत अशा समजुतीने वागण्यात.

निविदा उघडेपर्यंत सरकार हा मोठा धनी असतो. चार-पाच कंपन्या त्याच्या दाराशी उभ्या असतात, स्पर्धा खरी असते आणि दर उतरतात. परंतु करारावर सही झाली, खात्याचा सारा विदा त्या कंपनीच्या प्रणालीत गेला, कर्मचाऱ्यांना तिची सवय झाली, इतर चार प्रणाली तिला जोडल्या गेल्या, की चित्र उलटते. आता दुसऱ्याकडे जावयाचे तर सारे काम थांबवून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागणार, हे कंपनीला ठाऊक असते आणि खात्यालाही ठाऊक असते. ज्या बाजारात अनेक विक्रेते होते, तेथे एकच उरतो. ऑलिव्हर विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञाने या स्थित्यंतराला मूलभूत रूपांतर म्हटले आणि करारानंतरच्या या परावलंबनाचा अभ्यास हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा गाभा ठरला. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या निविदापद्धतीला मात्र या रूपांतराचा पत्ताच नाही. ती करारापूर्वीची किंमत काटेकोरपणे मोजते आणि करारानंतरच्या किमतीकडे पाठ फिरविते. अनुभवी कंपन्यांना हे चांगले कळते. मूळ दर कमी ठेवावयाचा आणि पुढे प्रत्येक सुधारणेसाठी, प्रत्येक नव्या तक्त्यासाठी वेगळे देयक लावावयाचे, ही युक्ती त्या सर्रास वापरतात. नियम सरकारचे, त्यांत फेरबदल वारंवार होणार हे उघड. तेव्हा अशा देयकांना तोटा कसला?

प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळाची कथा वाचकांच्या स्मरणात असेल. नव्या एकात्मिक प्रणालीसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१९ मध्ये साडेआठ वर्षांच्या मुदतीकरिता सुमारे ४,२४२ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. विवरणपत्रांच्या छाननीस लागणारे ६३ दिवस एका दिवसावर आणावयाचे, हा हेतू. खुल्या निविदेतून इन्फोसिसची निवड झाली. ७ जून २०२१ रोजी संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून तक्रारींचा पाऊस पडू लागला. ऑगस्टमध्ये ते सलग दोन दिवस बंद राहिले, तेव्हा अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना बोलावून घेतले आणि १५ सप्टेंबरची मुदत दिली. त्या वर्षी विवरणपत्रे भरण्याची तारीख पुढे पुढे ढकलीत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. या प्रकरणात कंपनीवर टीका पुष्कळ झाली आणि ती अनाठायी नव्हती. परंतु एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. भारत सरकारच्या अर्थमंत्र्यांना एका पुरवठादारास मुदत देऊन वाट पाहण्यापलीकडे काही करता येण्यासारखे होते काय? जुनी प्रणाली बंद केलेली, दुसरा पुरवठादार तयार नाही, खात्यापाशी स्वतःचे तंत्रज्ञ नाहीत. अशा स्थितीत कंत्राट रद्द करण्याची धमकी दोन्ही पक्षांना पोकळ वाटणार यात नवल नाही.

याच्या उलट पारपत्र सेवेचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते देणे रास्त आहे. २००८ साली टाटा कन्सल्टन्सीला हे काम मिळाले. देशभर सेवा केंद्रे उभी राहिली, आणि पारपत्र कचेरीबाहेरच्या दलालांचे राज्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा पालट केवढा हे सांगणे नलगे. तेथे पारपत्र देण्या-न देण्याचा अधिकार, अर्थात निर्णयाचे काम, सरकारी अधिकाऱ्यांकडे ठेवण्यात आले आणि कंपनीकडे केवळ व्यवस्थेचे काम दिले गेले. कामाची वाटणी स्पष्ट होती, हे यशाचे एक मोठे कारण. तरीही दुसऱ्या टप्प्याचे कंत्राट पुन्हा त्याच कंपनीला मिळाले, हेही नोंदवून ठेवावयास हवे. ते तिने गुणवत्तेवर मिळविले असेल. परंतु दहा-बारा वर्षे सारी व्यवस्था ज्याच्या हाती होती, त्याच्याशी नवख्या कंपनीने बरोबरीने स्पर्धा करावी अशी अपेक्षा कागदावरच शोभते.

महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाला दिल्लीची उदाहरणे देण्याची वस्तुतः आवश्यकता नाही. ज्या जानेवारी २०१८ मध्ये राज्याचे क्लाउड धोरण जाहीर झाले, त्याच महिन्यात शिक्षकांच्या वेतनाची 'शालार्थ' प्रणाली बंद पडली आणि वेतनदेयके पुन्हा कागदावर करण्याची पाळी आली. त्याआधीच्या वर्षी मुंबई विद्यापीठाने जे केले त्याची फळे तर एका पूर्ण तुकडीने भोगली. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले. निर्णय वाईट होता असे नाही. परंतु कंत्राट निश्चित झाले ते परीक्षांचा हंगाम सुरू झाल्यावर. उत्तरपत्रिकांची छायाचित्रे घेणे, प्राध्यापकांना शिकविणे, विषयवार वाटप करणे, ही सारी तालीम प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळीच झाली. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, शेवटचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांचे प्रवेश धोक्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदच्युत करण्यात आले. कुलगुरू गेले, खरेदीची पद्धत राहिली. पाच-पंचवीस महाविद्यालयांत, एखाद्या विषयापुरता, एक सत्रभर प्रयोग करून मग कंत्राट देण्याची अट निविदेत का नव्हती, या प्रश्नाकडे त्या गदारोळात लक्ष द्यावयास कोणास सवड नव्हती.

तथापि निकाल लांबणे, वेतन थकणे, तारीख पुढे जाणे हे परिणाम कितीही त्रासाचे असले तरी भरून निघणारे आहेत. खरेदीचा एक चुकीचा करार माणसांना तुरुंगात कसा घालतो, हे पाहावयाचे असेल तर ब्रिटनकडे वळावे लागेल. तेथील टपाल कचेऱ्यांच्या 'होरायझन' या हिशेब प्रणालीचे प्रकरण आपल्याकडे वृत्तपत्रांतून थोडेफार आले आहे. त्याची खरेदीची बाजू मात्र फारशी चर्चिली गेली नाही, आणि आपल्यासाठी तीच मोलाची आहे.

१९९६ साली टपाल खात्याने आणि कल्याणकारी भत्ते देणाऱ्या खात्याने मिळून हे काम आयसीएल या कंपनीच्या गटाला दिले. ही कंपनी पुढे जपानच्या फुजित्सूच्या पूर्ण मालकीची झाली. निविदा भरणारे तीन होते. त्यांत हा गट तांत्रिक व व्यवस्थापकीय कसोट्यांपैकी बहुतेकींवर तिसरा आला होता. पण त्याची किंमत सर्वांत कमी होती आणि सारी जोखीम आपण पत्करतो असे त्याने मान्य केले होते. हे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००० सालच्या अहवालात नमूद आहे. आपल्याकडील कोणत्याही खरेदी समितीच्या इतिवृत्तात शोभेल अशीच ही निवड. पुढे भत्त्यांचे कार्ड रद्द झाले, टपाल खाते मात्र प्रणालीला चिकटून राहिले. गावोगावच्या छोट्या टपाल कचेऱ्या चालविणाऱ्या माणसांच्या हिशेबात तूट दिसू लागली. बिचारे म्हणत होते की, आम्ही पैसे घेतलेले नाहीत, यंत्र चुकते आहे. खाते म्हणत होते, यंत्र चुकत नाही. कायदाही संगणक बरोबर चालतो असेच गृहीत धरीत होता. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरीच्या, खोट्या हिशेबाच्या आरोपांवरून दोषी ठरविण्यात आले. कित्येकांनी घर विकून तूट भरली, कित्येक तुरुंगात गेले. तेरा किंवा त्याहून अधिक लोकांच्या आत्महत्यांशी या प्रकरणाचा संबंध असू शकतो, असे चौकशी अहवालाच्या जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात म्हटले आहे.

यात करार कोठे येतो? यंत्रात प्रत्यक्ष काय घडले याची मूळ नोंद कंपनीपाशी होती. ती किती वेळा मागता येईल याची वार्षिक मर्यादा करारात होती, आणि मर्यादेपलीकडच्या प्रत्येक मागणीस पैसे पडत. म्हणजे आरोपी निर्दोष आहे की नाही हे ठरविणारा पुरावा मागविणे ही खात्याच्या दृष्टीने खर्चाची बाब होती. जी नोंद सरकारची असावयास हवी, ती विकत आणावी लागत होती. कंपनीचे तंत्रज्ञ दुरून कोणत्याही शाखेच्या हिशेबात हात घालू शकत, ही गोष्ट वर्षानुवर्षे नाकारण्यात आली. आणि ती खरी की खोटी हे तपासण्याइतके ज्ञान खात्यातील कोणापाशीही नव्हते. २०१९ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोषांवर बोट ठेवले. शिक्षा एकगठ्ठा रद्द करणारा कायदा व्हावयास २०२४ साल उजाडले. तो कायदा झाला त्या दिवशीही ब्रिटनमधील टपाल कचेऱ्यांचे हिशेब त्याच प्रणालीवर चालत होते, कारण दुसरी तयार नव्हती. साऱ्या देशाने धिक्कारलेल्या पुरवठादारापासून सुटका करून घेणेही सरकारला जमू नये, याहून परावलंबनाचा पुरावा तो कोणता?

आपल्याकडचा कारकून, तलाठी, मुख्याध्यापक किंवा शिधावाटप दुकानदार आज याच जागी उभा आहे. पटसंख्या जुळत नाही, धान्याचा हिशेब जुळत नाही, अंगठा जुळत नाही, की प्रथम संशय माणसावर जातो. 'प्रणालीत तसे दिसते' हे वाक्य आपल्या कचेऱ्यांतून आता अखेरचा निवाडा म्हणून उच्चारले जाते. प्रणालीत तसे का दिसते हे सांगणारी मूळ नोंद कोणापाशी आहे, ती मागण्याचा अधिकार कोणास आहे आणि तिचे पैसे कोणी द्यावयाचे, हे करारात लिहिलेले असते किंवा नसते. आणि करार सामान्य कर्मचाऱ्याच्या दृष्टीस कधीच पडत नाही.

क्लाउडच्या भाड्याने या परावलंबनात एक नवी भर घातली आहे. भाडे वापरानुसार, तासागणिक. आपला अर्थसंकल्प मात्र वर्षाच्या आरंभी ठराविक तरतूद करतो आणि ती ३१ मार्चला संपविण्याची घाई करतो. कचेरीतला दिवा जळत राहिला तर शिपाई तो मालवितो. चाचणीसाठी घेतलेला आणि विसरलेला दूरचा संगणक कोण मालविणार? विजेशी ही तुलना आणखी थोडी पुढे नेता येईल. विजेचा दर ठरविण्यासाठी नियामक आयोग आहे, तेथे सुनावणी होते, ग्राहक संघटना भांडतात. क्लाउडच्या दरासाठी असे काही नाही. शिवाय विजेला स्मृती नसते. पुरवठादार बदलला तर मागे काही राहत नाही. येथे मागे सारा विदा राहतो. कित्येक कंपन्या विदा आत घेताना काही आकारीत नाहीत, बाहेर नेताना मात्र शुल्क घेतात. चक्रव्यूहात शिरणे सर्वांना ठाऊक. बाहेर पडण्याची विद्या मात्र कोणी शिकविलेली नाही. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये या बाजाराचा निवाडा केला, तेव्हा ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या दोघींचा वाटा प्रत्येकी तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात असल्याचे आणि वर्षाकाठी शंभरांतील एकही ग्राहक पुरवठादार बदलीत नसल्याचे दिसून आले. युरोपीय संघाचा विदाविषयक कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. पुरवठादार बदलताना आकारले जाणारे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून बंद व्हावे अशी तरतूद त्यात आहे. आपल्याकडे वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. पण तो नागरिकाच्या खासगीपणाविषयी आहे, ग्राहकाच्या सुटकेविषयी नव्हे.

यावर स्वदेशीचा उपाय हल्ली हिरिरीने सुचविला जातो, आणि त्यामागची भीती काल्पनिक नाही. गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा या कंपनीत रशियन भांडवल असल्याने युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. त्यासरशी मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या आणि कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. सेवा पुन्हा सुरू झाल्या हे खरे; पण ब्रुसेल्समधल्या निर्णयाने भारतातील कचेरीची टपालपेटी बंद होऊ शकते, हे सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ई-पत्रव्यवहार झोहो या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर नेण्यात आल्याचे जाहीर झाले. या निर्णयाचे स्वागत करावे. परंतु कुलूप स्वदेशी असले म्हणजे त्याची किल्ली आपल्या कमरेला असते, असे समजू नये. आणि सारे काही सरकारच्याच वाड्यात ठेवले तर चिंता मिटली, असेही नव्हे. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी विदाकेंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. ७०९ प्रणाली बंद पडल्या आणि सरकारी नोकरांची कागदपत्रे ज्या सामाईक कोठारात होती, तेथील ८५८ टेराबाइट विदा जळून गेला, कारण त्याची दुसरी प्रत कोठेच ठेवलेली नव्हती. वाडा सरकारचा होता, यंत्रे सरकारची होती. संगणकशास्त्रात अग्रेसर म्हणून मिरविणाऱ्या देशाची ही गत.

परके की स्वकीय, भाड्याचे की मालकीचे, हा वाद म्हणूनच दुय्यम आहे. खरा प्रश्न खरेदीदाराला आपण काय घेत आहोत हे कळते काय, हा आहे. रेल्वेने १९८६ साली 'क्रिस' ही स्वतःची संगणक संस्था स्थापिली. आरक्षणाच्या प्रणालीविषयी तक्रारी कितीही असोत, तिच्या आत काय आहे हे रेल्वेच्या माणसांना ठाऊक असते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र तर १९७६ चे. जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची माणसे आहेत. पण एकेका जिल्ह्यातील दोन-चार माणसांनी साऱ्या खात्यांचे किती काम ओढावे? राज्य सरकारांच्या खात्यांत तर एवढेही नाही. तेथे तज्ज्ञ म्हणून बसलेला तरुण बहुधा एखाद्या सल्लागार कंपनीचा असतो. निविदेचा मसुदा तो लिहितो, आलेल्या निविदांचे गुणांकन तो करतो, कामावर देखरेखही तोच ठेवतो. दोन वर्षांनी तो दुसऱ्या नोकरीवर जातो आणि खात्याची स्मरणशक्ती त्याच्याबरोबर निघून जाते. सरकारी वेतनश्रेणीत चांगला अभियंता मिळत नाही हे कारण सांगितले जाते. ते खरेही आहे. पण सल्लागार कंपनीला त्याच माणसासाठी जी रक्कम दिली जाते ती पाहिली, तर काटकसर कोणती आणि उधळपट्टी कोणती असा संभ्रम पडावा.

नियम बदललेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने न्यूनतम दराच्या जोडीला गुणवत्तेलाही वजन देण्याची मुभा सल्लागारीखेरीज इतर सेवांच्या खरेदीतही दिली. गुणवत्तेचा भार मात्र तीस टक्क्यांच्या मर्यादेत राहावा अशी अट घातली. मुभा मिळाली तरी ती वापरण्याचे धैर्य अधिकाऱ्याने कोठून आणावे? सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारून प्रणाली बुडाली, तर कोणाची चौकशी होत नाही. दुसऱ्या क्रमांकाची निविदा स्वीकारून ती उत्तम चालली, तरी लेखापरीक्षणाचा आक्षेप निवृत्तीनंतरही पाठ सोडीत नाही. ज्या व्यवस्थेत स्वस्त अपयश सुरक्षित आणि महाग यश धोक्याचे, तेथे माणसे कोणता मार्ग पत्करतील हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी नको. लेखापरीक्षकांनी करारावेळचा दर तपासण्याबरोबर करार संपतानाचा हिशेबही तपासला, म्हणजे मूळ रक्कम किती, वाढीव देयके किती, आणि मुदतीअखेर खात्याच्या हाती स्वतःचे असे काय उरले, तर अधिकाऱ्यांची भीती योग्य दिशेला वळेल. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१९ साली दहा अब्ज डॉलरपर्यंतचे क्लाउडचे काम एकट्या मायक्रोसॉफ्टला दिले, वर्ष-दोन वर्षे न्यायालयात भांडण्यात घालविली, २०२१ मध्ये ते रद्द केले आणि २०२२ च्या अखेरीस चार कंपन्यांत वाटले. जगातील सर्वांत श्रीमंत खरेदीदारालाही हा धडा पैसे मोजूनच घ्यावा लागला.

प्राप्तिकर खात्याच्या प्रणालीची साडेआठ वर्षांची मुदत २०२७ च्या सुमारास भरते, आणि तिच्या पुढच्या आवृत्तीच्या सिद्धतेची बोलणी खात्यात सुरू झाल्याचे २०२५ च्या आरंभीच प्रसिद्ध झाले होते. त्या निविदेचे कागद जेव्हा जनतेपुढे येतील, तेव्हा खर्चाचा कोटींतला आकडा मथळ्यात येईलच. अभ्यासूंनी मात्र आतली पाने उलटावीत. प्रणालीची मूळ आज्ञावली कोणाच्या मालकीची राहणार, करदात्याने केलेल्या प्रत्येक नोंदीचा इतिहास खात्याला विनामूल्य व विनामर्यादा मिळणार की नाही, जुनी प्रणाली किती महिने नवीच्या बरोबरीने चालू ठेवणार, आणि मुदतीच्या मध्यावर, एखाद्या विभागापुरते का होईना, दुसऱ्या पुरवठादाराकडे काम नेऊन दाखविण्याची तालीम करारात सक्तीची आहे काय. ही कलमे बहुधा परिशिष्टात, बारीक टाइपात असतात. निविदापूर्व बैठकीत पुरवठादारांचे प्रतिनिधी सर्वांत आधी त्यांनाच हरकत घेतात.